खालचा पाइप पाड्याचा

बेटी रुमाव कारखान्यात पहिल्यांदा आली त्या दिवशी बाटल्या भरणाऱ्या यंत्रावरच्या गोरखपूरच्या पोरांना हसू आवरेना. चोपन्न वर्षांची बाई, अर्धे केस पांढरे, पायात कॅनव्हासचे बूट आणि नाव काय, तर बेटी! त्यांनी आपसात ठरवून तिला 'अम्मा' म्हणायला सुरुवात केली. बेटीला त्याचं काहीच वाटलं नाही. वसईतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिनं अठ्ठावीस वर्षं काढली होती, आणि तिथं कुणी 'मावशी' म्हणे, कुणी 'ओ बाई', कुणी नुसतंच 'अहो'.

तिथं तिचं काम म्हणजे काचेची भांडी धुणं, परीक्षानळ्या वाफेत उकळून काढणं आणि जंतू वाढवायच्या बशा ओतून ठेवणं. शिक्षण बारावीपर्यंत. पण बशीत उगवलेला ठिपका बुरशीचा की जंतूंचा, हे तिला लांबून बघून कळायचं. नवीन लागलेले सर प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी हळूच येऊन तिलाच विचारायचे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तेच ठसक्यात सांगायचे. ती कोपऱ्यात भांडी पुसत ऐकत राहायची. मोठ्या मुलीचं लग्न झालं, तिनं स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि वटारच्या घरी बसून दोन महिन्यांत कंटाळली. नवरा सेबॅस्टियन वाडीत मोगरा आणि भाजी काढायचा. तो म्हणाला, "तू घरात बसलीस की मला धाक वाटतो. सगळे डबे तीनतीनदा घासून झाले. कुठंतरी कामाला जा बघू."

म्हणून ती विपुल राऊतच्या बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात आली.

विपुल मूळचा उमेळ्याचा. वडिलांची केळीची बाग होती, तिच्या जागी आता इमारत उभी होती. विपुलनं महामार्गाच्या पलीकडे, तुंगारेश्वरच्या डोंगराच्या पायथ्याशी जमीन घेतली. त्या जमिनीत एक झरा होता. त्याचं पाणी झिरपून साठणारी जुनी दगडी टाकी, आणि टाकीवर पाणी भरणारा करंजपाडा, साठेक घरांचा. विपुलच्या डोक्यात एकच होतं: बाटलीवर 'नैसर्गिक झऱ्याचं पाणी' असं छापायचं, आणि ते खरं असलं पाहिजे. माणूस उतावळा, पण खोटं छापणारा नव्हता.

नियम काय आहे ते बेटीला प्रीतमनं सांगितलं. प्रीतम हा कारखान्याचा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, वय सव्वीस, नालासोपाऱ्याला आचोळ्यात राहणारा. "आंटी, साधं बाटलीबंद पाणी कुठलंही चालतं. नदीचं घ्या, बोअरचं घ्या, मशीनमधून काढा, झालं. पण झऱ्याचं म्हणून विकायचं तर ते जमिनीतूनच स्वच्छ आलं पाहिजे. आपण फक्त गाळायचं. आणि बाराही महिने सारखंच पाहिजे. जानेवारीत एक आणि जुलैमध्ये दुसरं, असं चालत नाही."

जानेवारीत पाणी उत्तम होतं. मार्चमध्ये उत्तम होतं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात प्रीतमनं बशी उजेडाकडे धरली आणि त्याचा चेहरा उतरला. बेटीनं त्याच्या खांद्यावरून पाहिलं. विष्ठेतून येणारे जंतू, मोजता येणार नाहीत इतके. चाचणीसाठी भरलेल्या चारशे बाटल्या पोरांनी मागच्या गटारात ओतल्या. पुन्हा नमुना घेतला, पुन्हा तेच.

विपुलनं मुंबईहून सल्लागार आणला. त्यानं टाकीत डोकावून पाहिलं, दोन फोटो काढले आणि सांगितलं, "हा झराच नाही. डोंगरातून झिरपणारं वरवरचं पाणी आहे. बोअर मारा, मशीन बसवा, साधं पाणी विका. झऱ्याचा नाद सोडा."

दुसऱ्या दिवशी बोअरवाल्याला फोन गेला, हे सगळ्यांना कळलं.

त्या दुपारी बेटी टाकीपाशी उभी होती. पाड्यावरची यशोदा हंडा भरत होती. सत्तरी ओलांडलेली, दात थोडे उरलेले, पाठ मात्र ताठ. बेटीनं विचारलं, "मावशी, हे पाणी पावसात गढूळ होतं?"

"होतंच की. पावसाचं पानी भरतंय ना वरून. आमी गालून घेतो." यशोदानं हंडा डोक्यावर घेतला. "पन बाय, ह्यो पानी आमच्या आयच्या वक्तापासून हाय. थंडीत हात घातला तर कोमट लागतो. उन्हाल्यात गार. पावसाचा पानी असा असंल का?"

थंडीत कोमट, उन्हाळ्यात गार. म्हणजे पाणी बदलत नव्हतं, बदलत होता तो हात. खोल जमिनीतल्या पाण्याला ऋतू नसतो, हे कॉलेजात कुठल्या तरी सरांनी शिकवलेलं तिला पुसटसं आठवलं. तिनं प्रयोगशाळेतला काचेचा तापमापक आणला, त्याच्या टोकाला सुतळी बांधली आणि टाकीत सोडला. चोवीस पूर्णांक आठ. पाऊस थांबला की सव्वीसच्या आसपास, पाऊस पडला की पुन्हा खाली.

"प्रीतम," ती म्हणाली, "ह्या टाकीत दोन पाणी आहेत. एक थंड आणि एक कोमट. थंड पावसाचं. कोमट कुठून येतं ते शोधलं की झालं."

प्रीतमनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग तापमापकाकडे. "चला," म्हणाला.

नऊ दिवस ती दोघं टाकीच्या वरच्या अंगाला फिरली. कमरेपर्यंत गवत, पायाखाली चिखल, अंगावर जळवा. जिथं जिथं पाण्याची रेघ दिसेल तिथं बेटी वाकायची, तापमापक घालायची आणि ओरडून आकडा सांगायची. चोवीस. साडेचोवीस. चोवीस. प्रीतम लिहून घ्यायचा. छत्रीचा उपयोग नव्हता, म्हणून पोरांनी तिला खताच्या गोणीची खोळ शिवून दिली. ती डोक्यावर घेऊन ती डोंगरावर दिसली की खाली यंत्रावर शिट्ट्या वाजत.

दहाव्या दिवशी, टाकीपासून चाळीसेक पावलांवर, एका उंबराच्या मुळ्यांमागे काळ्या कातळाच्या कपारीत तिनं हात घातला. हातालाच कळलं. तापमापक घातला आणि शंभरपर्यंत मोजलं.

"सत्तावीस पूर्णांक एक!"

सकाळपासून धो धो पडत होता. सगळीकडून लाल पाणी वाहत होतं. कपारीतलं पाणी मात्र काचेसारखं. दुसऱ्या दिवशी सत्तावीस पूर्णांक एक. आठवड्यानं सत्तावीस पूर्णांक एक. प्रीतमनं तिथला नमुना लावला आणि दोन दिवसांनी बशी आणून विपुलच्या टेबलावर ठेवली. बशीत काहीही उगवलं नव्हतं.

"हे काय?" विपुल म्हणाला.

"हा तुमचा झरा," बेटी म्हणाली. "टाकीत येईपर्यंत तो चाळीस पावलं मातीतून येतो, आणि त्या मातीवर गुरं चरतात. झरा चांगला आहे, वाट वाईट आहे."

विपुलनं बराच वेळ बशी हातात फिरवली आणि बोअरवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं.

पावसात खणता येत नव्हतं. जानेवारी उजाडला तेव्हा करंजपाड्यातली वीस माणसं कामाला लागली, आणि यशोदा कुणीही न नेमता त्यांची मुकादम झाली. पण त्याआधी पाड्यानं एक बैठक बोलावली. विपुल आला, बेटी आली. यशोदानं सरळच विचारलं, "पानी तू बाटलीत भरून नेशील. मंग आमी काय करू?"

विपुल म्हणाला, "मावशी, तुम्हाला हवं तेवढं मिळेल. माझा शब्द आहे."

"शब्द नको," मध्येच बेटी बोलली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. विपुलनंही. ती त्याच्याकडे कामाला होती, हे तिला ठाऊक होतं, पण तोंडातून निघून गेलं होतं. मग तिनं पुढचंही सांगून टाकलं. "शब्द माणसाबरोबर जातो. झऱ्यावर छोटी कोठी बांधू, तिला दोन पाइप काढू. खालचा पाइप पाड्याचा. वरचा कारखान्याचा, खालच्यापेक्षा वीतभर उंच. पाणी भरपूर असेल तर दोघांना मिळेल. कमी झालं की वरचा पाइप आपोआप कोरडा पडेल, खालचा नाही. कुणी कुणाला विचारायची गरजच नाही."

यशोदा हसली, उरलेले सगळे दात दाखवून. विपुल डोकं खाजवत म्हणाला, "बेटीबाई, तुम्ही माझ्याकडून आहात की त्यांच्याकडून?"

"झऱ्याकडून," ती म्हणाली, आणि ते तिनं थट्टेनं म्हटलं नव्हतं.

खणायला लागल्यावर चौथ्या दिवशी घात झाला. कपारीपुढची माती काढता काढता एका गड्याची पहार जोरात बसली, आतून दगड सरकल्याचा आवाज झाला आणि मनगटाएवढी धार बोटाएवढी झाली. मग करंगळीएवढी. मग नुसतं ठिबकायला लागलं. माणसं हातातली अवजारं टाकून उभी राहिली. विपुल कपाळाला हात लावून दगडावर बसला. आईच्या काळापासूनचं पाणी आपण बंद केलं, हेच प्रत्येकाच्या मनात आलं असावं. पाड्यातल्या बाया रिकामे हंडे घेऊन खाली उभ्या होत्या, त्यांच्याकडे बेटीला बघवेना.

तिनं गोणपाट पसरलं, कपारीसमोर गुडघे टेकले आणि कान लावला. आत खळखळ चालू होती.

"आहे," ती ओरडली. "आत आहे! तोंडाशी माती बसलीय. लोखंड कुणी लावू नका. हातानं काढायचं."

कपार अरुंद होती. गड्यांचे हात आत जाईनात. बेटीचा हात कोपरापर्यंत गेला, तिनं ओंजळ ओंजळ गाळ बाहेर ओढला. तिचे हात थकले तेव्हा यशोदानं तिला बाजूला सारलं आणि आपला काटकुळा हात खांद्यापर्यंत आत घातला. गाल कातळाला टेकलेला, डोळे मिटलेले. "मूल हाय मूल, उंबराचा," ती पुटपुटली. कोयती मागवली, आत चाचपून दोनदा फिरवली आणि बाहेर खेचली, तर मुळांचा गुंता आणि चिखलाचा गोळा एकदम सुटला. त्यामागून आलेल्या पाण्यानं यशोदाला आडवंच केलं. धार मनगटाएवढी नव्हती, दंडाएवढी होती. म्हातारी चिखलात पडल्या पडल्या हसत होती आणि खालच्या बायांनी एकच गलका केला. विपुल बूट न काढताच पाण्यात उतरला. प्रीतमनं बादली आणि घड्याळ घेऊन मोजलं. वीस लिटरची बादली आधी चौदा सेकंदांत भरायची, आता नऊ सेकंदांत भरली.

मग कोठी बांधली. मागची भिंत म्हणजे कातळच. समोर धुतलेली खडी, वर चिकणमातीचा थर, त्यावर काँक्रीटचा स्लॅब आणि कुलपाचं झाकण. पावसाचं पाणी बाजूनं निघून जावं म्हणून वर चर खणला, गुरं येऊ नयेत म्हणून कुंपण घातलं. ठेकेदाराला कोठी उंच हवी होती, जास्त पाणी साठेल म्हणून. यशोदा आडवी आली. पाण्याला तोंडाशी अडवलं तर ते रुसतं आणि दुसरीकडून निघतं, असं तिचं म्हणणं. बेटीनं ते ठेकेदाराला त्याच्या भाषेत समजावलं: कोठीतली पातळी कपारीच्या खाली राहिली पाहिजे. झाकणाच्या दोन किल्ल्या केल्या. एक बेटीकडे राहिली, दुसरी यशोदाच्या कमरेला.

खरी परीक्षा जुलैमध्ये होती. पाच दिवस सूर्य दिसला नव्हता, वसईत रस्त्यांवर गुडघाभर पाणी होतं. अशा दिवशी सरकारी अधिकारी नमुना घ्यायला आले. त्यांनी झाकण उघडायला लावलं, स्वतः बाटल्या भरल्या, सील केल्या. जाता जाता बेटीच्या हातातला तापमापक बघून म्हणाले, "याचं काय काम?"

"साहेब, रोज सकाळी घेते. मागच्या जुलैपासून." तिनं वही पुढं केली. त्यांनी पानं उलटली. सत्तावीस पूर्णांक एक. सत्तावीस पूर्णांक एक. सत्तावीस. सत्तावीस पूर्णांक एक. ते चष्मा काढून म्हणाले, "तुमचं शिक्षण काय, मॅडम?"

"बारावी."

त्यांनी मान हलवली आणि वहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढून घेतले.

निकाल रविवारी कळला. मिस्सा संपून लोक चर्चच्या आवारात बोलत उभे होते आणि प्रीतमचा फोन आला. "आंटी, पास! सगळं पास! शून्य आहे, शून्य!" बेटी इतक्या मोठ्यानं "शून्य?" म्हणाली, की फादरांसकट सगळ्यांनी वळून पाहिलं. "शून्य!" तिनं सगळ्यांना सांगितलं. कुणाला काही कळलं नाही, पण तिचा चेहरा बघून लोकांनी हातात हात घेऊन अभिनंदन केलं. सेबॅस्टियन घरी जाईपर्यंत वाटेत भेटेल त्याला सांगत होता, "आमच्या बाईला शून्य मिळालं."

परवाना आला, बाटल्या बाजारात गेल्या. विपुलनं तिला 'स्रोत प्रमुख' असं पद दिलं आणि तसा फलकही दारावर लावला. पोरं तरीही अम्माच म्हणत राहिली.

पुढचा मे महिना आला. झऱ्याचं पाणी उन्हाळ्यात घटतंच, तसं घटलं. वरच्या पाइपातून करंगळीएवढी धार येऊ लागली. आणि नेमकी त्याच वेळी लग्नांच्या हॉलकडून मागणी आली, कारखान्यानं कधी पाहिली नव्हती एवढी. एका सकाळी बेटी झऱ्यावर गेली तर विपुल आणि एक फिटर तिथं उभे.

"दोन आठवड्यांपुरतं हो, बेटीबाई," विपुल म्हणाला. "पाइप चार बोटं खाली घेऊ. पाड्याला टँकर सांगतो मी. किल्ली द्या."

बेटीनं किल्ली दिली नाही. भांडलीही नाही. म्हणाली, "उद्या सकाळी देते." फिटर कपाळावरचा घाम पुसत परत गेला.

दुसऱ्या दिवशी तिनं विपुलच्या टेबलावर एक बाटली आणि पेला ठेवला. "प्या."

विपुलनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "खारट आहे. कुठलं हे?"

"आमच्या विहिरीचं. वटारचं. मी लग्न करून आले तेव्हा ह्याच पाण्यात तुरीची डाळ शिजायची. शेजारच्या बावखलाच्या तळ्यात म्हशी डुंबायच्या, तेही गोडं. मग विहिरींतून टँकर भरून शहराकडे जायला लागले. आधी दोन आठवड्यांपुरते. आम्हीच हो म्हटलं होतं, विपुलशेठ, कुणी जबरदस्ती नव्हती केली. आता विहिरीत समुद्र शिरलाय, सेबॅस्टियनच्या केळीची पानं कडेनं जळतात आणि मी डाळीला नळाचं पाणी वापरते." तिनं किल्ली टेबलावर ठेवली. "ही घ्या. पाइप खाली करायचा तर वहीवर सही तुम्ही करा. मी नाही करणार."

उमेळ्याला विपुलच्याही बागेत विहीर होती, ती बुजवून तिच्यावर पार्किंग झालं होतं. बेटीला ते ठाऊक होतं. विपुलनं किल्ली उचलली, तिच्या हातात परत दिली आणि हॉलवाल्याला फोन लावला. "निम्म्या बाटल्या देईन. नाही, निम्म्याच. झरा आहे साहेब, नळ नाही." समोरचा माणूस खूप वेळ ओरडत असावा, कारण विपुलनं फोन कानापासून लांब धरला होता. शेवटी त्यानं तो ठेवला आणि म्हणाला, "निम्म्याला तयार झाला. म्हणे, खरंच झऱ्याचं दिसतंय."

करंजपाड्यात लग्नं नेहमी होळीच्या आत उरकत. मेमध्ये पाहुण्यांना प्यायला पाणी कुठून आणायचं? यशोदाची नात ऋतिका हिचं लग्न त्या वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात निघालं. मुलाकडच्यांनी दोनदा विचारून खात्री केली. यशोदानं त्यांना पाड्यातल्या, खालच्या पाइपाच्या नळापाशी नेलं आणि तोटी सोडून दाखवली.

बेटी आणि सेबॅस्टियन लग्नाला गेले. विपुल, प्रीतम, गोरखपूरची पोरं, सगळेच होते. सहाशे माणसं जेवली. जेवणानंतर बाया भांडी घासायला बसल्या, नवी नवरी पाय धुवायला आली, पोरांनी एकमेकांच्या अंगावर पाणी उडवलं. ढोल वाजत होता. यशोदानं बेटीचा हात धरून तिला नाचात ओढलं. पहिला फेरा बेटी अडखळली, दुसऱ्यात पाय जुळले, तिसऱ्यात तिनं चपला काढून फेकल्या. सेबॅस्टियन तोंडात बोटं घालून शिट्टी वाजवत होता.

फेऱ्यातून वळताना तिची नजर नळाकडे गेली. कुणीतरी तोटी अर्धवट सोडून गेलं होतं.

"ए! तोटी कुणी बंद करायची?" ती नाचता नाचताच ओरडली, आणि वऱ्हाडातली तीन माणसं एकदम धावली.